नातं हाये म्हंजे वाट असन

आधी सरळ सांगून टाकतो. माह्या मोठ्या भावाचं शरीर विहिरीतून निघालंच नाई. दोन वर्षं झाली. सगळ्या तांड्याले माहीत आहे का लखीराम मेला. फक्त याडीले नाई. याडी म्हणजे आई, आमच्या बंजाऱ्यायच्या गोरबोलीत. तिचं नाव सुखीबाई.

मी शाम. मुकुटबनले माहं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे. एक टेबल, एक शटर. बारावीनंतर शिकलो नाई, जे येते ते फोन पाहू पाहू आलं. तांडा तेथून सात किलोमीटर. बाप लहानपणीच गेलता, म्हून घरात आम्ही तिघं. आता दोघं. याडी म्हणते तिघंच.

विहीर तांड्याच्या मागं आहे, चुनखडीच्या पट्ट्यात. त्या मे महिन्यात आटली म्हून खोल करायले घेतली. खाली लखीराम अन् अजून तिघं. वरतं क्रेनवर मी अन् आत्राम. आत्राम बाजूच्या गावचा गोंड, सुरुंग लावण्यात त्याचा हात कोणी धरू शकत नाई. आठ दिवस फोडल्यावर तळाले एक कपार उघडली. माणूस आडवा होऊन आत जाईन एवढी. आतून थंडी हवा येऊन राह्यलती. मे महिन्यात. थंडी.

लखीराम खालून ओरडला, "शाम, आत पोकळ हाये बे! आवाज घुमून राह्यला!"

मी वरून ओरडलो, "बाहेर निघ, जेवाचा टाईम झाला."

"दोन मिनिट," तो बोल्ला, अन् बॅटरी घेऊन आत घुसला.

मंग पाणी आलं. कपारीतूनच आलं, पण कसं, कुठून, कोणालेच समजलं नाई. बाकीचे तिघं दोराले लटकून वरतं आले. पंधरा मिनिटात पाणी दोन पुरुष चढलं. तीन दिवस पाच पंप चालवले, वीतभर उतरलं नाई. पाणबुड्या आला, कपारीपर्यंत गेला, वर येऊन बोल्ला, लय अरुंद आहे, टाकी घेऊन जाता येत नाई. पंचनामा झाला. सगळे गेले.

याडी कठड्याजवळ बसून होती. ती बोल्ली, "एवढं पानी जेथून आलं तेथी वाट असन. त्या वाटेनं गेला तो."

आता आमची एक रीत सांगतो, नाई तं पुढचं समजणार नाई. आमच्या बाया एकमेकीले लय दिवसानं भेटल्या का गळ्यात पडून रडतात. नुसतं रडणं नाई, सूर धरून, शब्द जोडून. ढावलो म्हणतात त्याले. पोरगी सासरी चालली तरी ढावलो, माहेरचं कोणी आलं तरी ढावलो, अन् कोणी मेलं तरी. लखीरामच्या वेळेस चार तांड्यायच्या बाया आटो भरून आल्या. याडी दारात हात आडवा लावून उभी राह्यली. "कायले आल्या? लखीराम कामाले गेला. येईन तवा या." एकीलेबी गळ्यापर्यंत येऊ देलं नाई. माह्या सख्ख्या मावशीले, तुळसाबाईले, तिनं छातीवर हात लावून मागं सारलं. तवापासून कोण्या लग्नात नाई, कोण्या मयतात नाई. तिच्या गळ्यात कोणी पडलं अन् तिनं सूर लावला का लखीराम मेला. असं आहे ते.

त्या विहिरीचं पाणी कोणी पेत नाई. झाकण टाकायचं ठरलं होतं, तिनं टाकू देलं नाई. रोज दुपारी बारा-साडेबाराले जाते, बादली सोडते, काहाडते, पाण्यात निरखून पाह्यते, मंग वापस सोडून देते. काय पाह्यते, मी कधी इचारलं नाई.

या वर्षी होळी झाल्यावर एक दिवस ती ऑटोनं माह्या दुकानात आली. हातात स्टीलचा डबा. गिऱ्हाईक बसून होतं, त्याच्यासमोरच झाकण उघडलं.

"हे पाह्य. हे त्या वाटेनं आले."

पाण्यात तीन-चार पांढरे किडे. नखाएवढे लांब, पातळ, आरपार दिसणारे. बोर्ड पाह्यचा मायक्रोस्कोप असते माह्याकडं, त्याच्याखाली एक ठेवला. सात जोड्या पाय. पोटात काय चाललं ते बी दिसून राह्यलं होतं. डोळे नोते. डोळे फुटलेले नाई, डोळ्याची जागाच नोती, सपाट. अन् मी भिंगातून पाहून राह्यलो तं त्यानं हळूच डोकं वर केलं. माह्या बाजूनं.

मी डबा बंद केला. गिऱ्हाईक बोल्लं, "झिंगे हाये का बे?"

याडी बोल्ली, "झिंगे नाई. हे लखीरामनं पाह्यले असन."

फोटो काहाडून मी एका ग्रुपवर टाकला, जेथी लोक साप, किडे ओळखून देतात. तिसऱ्या दिवशी यवतमाळच्या अनघा मॅडमचा फोन आला. कॉलेजात शिकवतात, घरात आजोबापासून सगळे वकील नाई तं प्राध्यापक. आवाज असा का पळत येऊन बोलून राह्यल्या. "शाम, तुम्ही ते पाणी फेकू नका. मी उद्या येते." अन् खरंच आल्या, स्वतः गाडी चालवत.

मी त्यायले भावाचं सांगितलं नाई. "विहिरीचं पाणी खराब आहे म्हून बंद आहे" एवढंच बोल्लो. सांगाले पायजे होतं. नाई सांगितलं.

लिंबाखाली खाट टाकली. आत्राम बी आलता, दोर सोडाले. मॅडमनं बादलीतले प्राणी छोट्या बाटलीत घेतले अन् बाटली उन्हात धरली. याडी समोर बसून सगळं पाहून राह्यलती. तिनं तेच इचारलं जे आमच्यातलं कोणीबी अनोळखी माणसाले पह्यले इचारते.

"यायचं गोत काय हाये?"

मॅडम हसल्या, पण टाळलं नाई. "मावशी, नाव मोठं अवघड आहे. फ्रिॲटॉइसिड. मलाही पहिल्यांदा म्हणता आलं नव्हतं."

"नाव नाई. गोत. भाऊबंद कोठी राह्यते यायचे?"

"थोडे आंध्रात, गुहांमधल्या पाण्यात. पण सगळ्यात जवळचे नातेवाईक ऑस्ट्रेलियात आहेत. असेच पांढरे, असेच आंधळे, तेही जमिनीखालच्या पाण्यात."

"ते कोठी आलं?"

"समुद्रापलीकडे. सहा हजार किलोमीटरच्याही पुढे."

मंग मॅडमनं सांगितलं का एकेकाळी ही सगळी जमीन एकच होती. आपण, ऑस्ट्रेलिया, आफ्रिका, तो बर्फाचा खंड. त्याले शास्त्रवाले गोंडवाना म्हणतात, अन् ते नाव आपल्याच भागावरून पडलं, गोंडायच्या मुलुखावरून.

आत्रामनं तोंडातला खर्रा थुकला. "म्हंजे ऑस्ट्रेलिया आमच्या नावावर? अन् आफ्रिका बी? मॅडम, मंग एखांदा सातबारा काहाडून द्या नं. इथी दोन एकराले वनखातं दाबून बसलं हाये."

सगळे हसलो. याडी नाई हसली. ती त्या बाटलीकडं पाहून राह्यलती.

"नातं हाये म्हंजे वाट असन," ती बोल्ली.

मॅडमले वाटलं मावशीले समजलं. खुश होऊन बोल्ल्या, "हो ना! बरोबर! एके काळी वाट होतीच की."

झालं. तेवढं एक वाक्य.

तुम्ही समजून घ्या. आमचे बापदादे बैलांवर मीठ लादून समुद्राच्या काठापासून इथवर आणत होते. आमचं एक घर तेलंगणात, एक राजस्थानात, एक कर्नाटकात, अन् प्रत्येकाची वाट कोणालेतरी माहीत असते. आमच्या डोक्यात दोन जागी एक रक्त असलं तं त्याचा एकच अर्थ. कोणीतरी चालत गेलं. अन् जो चालत गेला तो चालत येते बी.

याडी उठून उभी राह्यली. दोन वर्षांत पह्यल्यांदा मी तिचं तोंड तसं उजळलेलं पाह्यलं. मॅडम बोल्ल्या का पाईपवर लावलेला एक कॅमेरा मिळते, लाईटवाला, अरुंद जागेत वीस-पंचवीस फूट आत जाते. गुरुवारी घेऊन येते, कपारीत टाकू, हे प्राणी कसे राहतात पाहू.

"टाका," याडी बोल्ली. "वाट कुठपर्यंत जाते ते दिसन. पोरगं कोण्या बाजूले वळलं ते बी दिसन."

मॅडमले शेवटचं वाक्य समजलं नाई. ते तिनं गोरबोलीत म्हटलं होतं.

सोमवार होता तो. माह्याजवळ तीन दिवस होते. वीस फूट आत काय दिसणार आहे ते मले माहीत होतं. गुरुवारच्या आधी मी तिले सांगितलं नाई तं एक स्क्रीन सांगणार होती, उन्हात, सगळ्या तांड्यासमोर.

मंगळवारी दुकान उघडलं पण काम केलं नाई. वाचत बसलो. मॅडमनं पाठवलेलं इंग्रजी, एक एक शब्द खोलून. वाचत गेलो तशी अंगातली गरमी गेल्यासारखी झाली. बारा-तेरा कोटी वर्षांआधी जमीन तडकली. कोणी कुठी गेलं नाई. हे किडे ज्या पाण्यात होते त्याच पाण्यात राह्यले, अन् खालची जमीनच त्यायले घेऊन निघाली. अर्धे भाऊबंद त्या तुकड्यावर, अर्धे या तुकड्यावर. लय जोरात असली तवा आपली जमीन वर्षाले वीतभर सरकत होती. वीतभर. म्हणजे कोणाले समजलं बी नसन का आपण दूर चाललो. मंग एकटीच समुद्रातून कोट्यवधी वर्षं. मंग लाव्हा. आपलं सगळं काळं रान म्हणजे तोच लाव्हा. वरतं जे होतं ते जळून गेलं, बुजून गेलं, अन् खाली अंधाऱ्या पाण्यात हे बसून. डोळे नाई, काही दिसलं नाई. म्हून वाचले. मंग जमीन जाऊन उत्तरेले भिडली अन् तिकून नवीन जनावरं उतरली. वाघ, हरणं. ज्या बैलांवर आमचा सगळा जन्म गेला ते बैल बी तिकूनच आलेल्या कुळीचे. वरतं जे जे चालते ते बहुतेक मागून आलेलं. खालचे जुने.

दुकानाची फरशी मले हलल्यासारखी वाटून राह्यली. खाली पाणी, पाण्यात ते, अन् त्यायच्यामंदी लखीराम.

आता ते सांगतो जे मी कोणाले सांगितलं नोतं.

विहिरीत पाणी आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी पंप बंद केले होते, डिझेल टाकाले. मी लोखंडी शिडीनं पाण्यापर्यंत उतरलो होतो. सगळं शांत. मी दगडाले कान लावला. टक टक टक. थांबलं. टक टक टक. आतून. दगडावर दगड.

मी वर आलो. पंपवाल्याले इचारलं, "आवाज येते का काही?"

तो बोल्ला, "पंपाचा असन."

पंप बंद होते. मले माहीत होतं का बंद आहेत. मी बोल्लो, "हाव, पंपाचाच असन."

स्वतःले सांगतो का मी बोल्लो असतो तं अजून कोणीतरी आत गेलं असतं अन् ते बी मेलं असतं. ते खरं बी असन. पण त्या वेळेस माह्या डोक्यात ते नोतं. मी भेलो, बस. मले वाटलं सांगितलं तं सगळे म्हणतील, शाम, तूच उतर, तू बारीक आहे, तू जाशील कपारीतून. अन् मी गेलो बी असतो कपारीतून. माप मी डोळ्यानं घेतलं होतं.

तिसऱ्या दिवशी कान लावला तवा काही नोतं.

बुधवारी दुपारी याडी बादली घेऊन निघाली तं मी मागून गेलो. ती कठड्यावर बसली. मी फोनवर मॅडमनं पाठवलेला व्हिडिओ लावला, जमीन तुटते तो. तिनं फोन दूर धरून पाह्यला.

"भाकर तुटल्यासारखं हाये हे तं," ती बोल्ली. "आपन कोनता तुकडा?"

मी दाखवला. "हा. अन् हे ऑस्ट्रेलिया. यायचे भाऊबंद याच्यावर राह्यले."

"कोन कोनाले सोडून गेलं?"

"कोणीच नाई, याडी. ते बसले होते तेथीच बसले होते. जमीन तुटली."

"मंग मंदात वाट असन नं. पान्याची का होईना."

"खारं पाणी आहे. समुद्र. यायले खारं पाणी लागलं का हे मरतात."

"मिठानं मरते?"

"हाव."

तिनं फोन वापस देला. मीठ काय असते ते तिले माह्यापेक्षा जास्त माहीत आहे, तिचा आजा पाठीवर मिठाच्या गोण्यायचे वळ घेऊन मेला. तिनं बादलीत पाह्यलं. त्या दिवशी एकच किडा आलता.

"मॅडम तं बोल्ली वाट होती."

"मॅडम जमिनीचं बोलत होत्या. तवा जमीन एक होती, चालत जाता आलं असतं. पण माणूसच नोता तवा. बैल बी नोता. तवापासून आजपर्यंत कोणी त्या वाटेनं गेलं नाई. वाटच नाई, याडी. ही कपार आहे. आत पाणी आहे, दगड आहे. बस."

"मंग लखीराम कोठी गेला?"

मले वाटलं होतं मी रडन. नाई रडलो.

"कुठीच नाई गेला. इथीच आहे."

मी सुरू केलं होतं म्हून थांबता आलं नाई. "दुसऱ्या दिवशी, पंप बंद होते तवा, मी शिडीवर होतो अन्..."

तिनं बादलीच्या काठावर नख वाजवलं. टक टक टक. थांबली. टक टक टक.

तोच ठेका. तेवढंच थांबणं.

"तू शिडीवर होता," ती बोल्ली. "मी इथी, या दगडाले कान लावून. मले वाटलं तुले ऐकू नाई येऊन राह्यलं."

"काहून बोल्ली नाई तू?"

"तू काहून नाई बोल्ला?"

मी कठड्यावर तिच्या बाजूले बसलो.

"मी बोल्ली असती तं तू उतरला असता आत," ती बोल्ली. "मले दोनच पोरं. एक आत. मी तोंड दाबून बसली, शाम. पदर तोंडात कोंबून बसली. तिसऱ्या दिवशी ठोकनं थांबलं. मंग मी म्हटलं, सापडली त्याले वाट. निघाला. थांबलं म्हंजे निघालाच असन नं. दुसरं काय म्हनू मी? तूच सांग, दुसरं काय म्हनू?"

ऊन टाळूवर आलं होतं. खाली पाण्यावर आमची दोघायची डोकी दिसून राह्यलती, बारीक, काळी. तिनं बादली उचलून हळूच दोर सोडला, तो एक किडा वापस पोहोचवला. दोर गुंडाळला.

"त्या कॅमेऱ्यात दिसन का तो?"

"दिसन."

"कसा दिसन?"

मायक्रोस्कोपखाली पाह्यलेलं सगळं माह्या डोळ्यासमोर होतं. सात जोड्या पाय. कोठीबी घुसणारे.

"मंग नको," ती बोल्ली.

गुरुवारी मॅडम बाराले आल्या. खांद्यावर पाईपचं भेंडोळं, हातात स्क्रीनची पेटी. लय खुश होत्या. "शाम, चार्जिंग फुल्ल आहे, आपण दोन तास..." एवढंच बोलता आलं त्यायले. याडी घरातून निघाली, सरळ चालत त्यायच्यापर्यंत गेली अन् गळ्यात पडली.

अन् सूर लावला.

"मारो बेटा रे... मारो लखीराम रे..."

दोन वर्षांचा सूर होता तो. पह्यले फाटका निघाला, मंग भरला, मंग त्यात शब्द येऊ लागले, त्याचं बारसं, त्याचे दात, त्याची सायकल, क्रेनचा दोर, थंडी हवा. मॅडमचे हात हवेत राह्यले. एका खांद्यावरून पाईप घसरून खाली पडला. त्यायनं माह्याकडं पाह्यलं, तोंड पांढरं.

"काय झालं? कोण गेलं? शाम, कोण लखीराम?"

"माहा भाऊ. विहिरीत आहे. तुमाले सांगाले पायजे होतं," मी बोल्लो. "धरा तिले मॅडम. नुसतं धरा."

त्यायनं धरलं. कसंतरी, पाठीवर हात ठेवून, जसं शहरात धरतात. पण सोडलं नाई.

आवाज तांडाभर गेला. पह्यले तुळसाबाई मावशी धावत आली, पिठाचे हात तसेच. मंग शेजारची दीपमाला, मंग एक एक दारातून. दोन वर्षं वापस पाठवलेल्या सगळ्या. त्या येऊन याडीच्या अंगावर पडत गेल्या अन् सूर मोठा होत गेला. मॅडम मंदात अडकल्या, त्यायलेबी बाया धरून रडून राह्यल्या, अन् थोड्या वेळानं त्या बी रडाले लागल्या, शब्द नसलेलं. आत्राम दूर उभा होता, टोपी हातात. माणसायनं त्या घोळक्यात जायचं नसते. मी बी दूरच.

आमच्या हिशोबानं माहा भाऊ त्या दिवशी मेला. गुरुवारी, सव्वाबारा वाजता.

मंग बाया दम घ्यायले थांबल्या. एकदम सगळ्या, जसं थांबतात. अन् तरी सूर थांबला नाई. विहिरीतून आवाज येऊन राह्यलता. तोच सूर, जरा उशिरानं, खोलातून, घुमून वरतं. मॅडमनं विहिरीकडं पाह्यलं, मंग माह्याकडं.

मी मान खाली घातली. याडीनं पुन्हा सूर लावला, आता विहिरीच्या बाजूनं तोंड करून.